पातीचा चहा आणि बर्फाची कांडी

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी प्रथम 'नाही'च म्हटले. या जागेवरून आजवर ज्या बोलल्या त्या शिकल्यासवरलेल्या. कोणी बालसंगोपनावर बोलल्या, कोणी अल्पबचतीवर. मला येते ते स्वयंपाकघरातले. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या पातीच्या चहाच्या कांड्या करता ना, तेवढेच सांगा, आणि येताना चार कांड्या घेऊन या." चार कशाला, साठ आणल्या आहेत. मागच्या खोलीत पेटीत ठेवल्या आहेत. माझे बोलणे लांबले तर त्यांचे पाणी होईल. तेव्हा मला आवरते घ्यावेच लागणार, ही तुमची सोय.

पातीचा चहा, म्हणजे गवती चहा, आपल्या रत्नागिरीत कोणाच्या परसात नाही? मोरीच्या पाण्यावर त्याचे बेट आपले आपण वाढते. सर्दी झाली, अंग कसकसले, पाहुणा भिजून आला, की चार पाती तोडून आल्याबरोबर उकळायच्या. हल्ली हेच गवत वाळवून, कागदी पुडीत घालून, देखण्या डब्यातून 'हर्बल टी' म्हणून विकतात. माझी भाची मुंबईहून असा एक डबा मला भेट म्हणून घेऊन आली. मी तिला परसात नेऊन बेट दाखवले, तेव्हा ती ओशाळली. खरे पाहता तो चहाही नव्हे. चहाचे झाड निराळे, हे नुसते गवत. आपण दुधासाखरेत घालून त्याला चहा केले, एवढेच.

आता गरम प्यायच्या वस्तूचा बर्फ करावा हे मला कोठून सुचले, हे सांगितल्याशिवाय कृती सांगण्यात अर्थ नाही. माझ्या सासूबाईंची ती गोष्ट आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणी त्यांना ओळखत होत्या.

सासूबाईंना लहानपणापासून मिश्री लावण्याची सवय होती. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाली की एकदा, आणि रात्री निजताना. पंढरीची माळ घातली तेव्हा त्यांनी मासळी सोडली, वीस वर्षे पुन्हा तोंडाला लावली नाही, पण मिश्री सुटली नाही. "ती काय खायची वस्तू आहे? दात घासायची आहे," असे म्हणत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हे आपण सगळ्या जाणतो आणि दातवणाच्या नावाखाली विसरतो. २०२० च्या दिवाळीनंतर त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला एक जखम झाली ती भरेना. फेब्रुवारीत निदान झाले. मग शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर परगावी राहून किरणांचे उपचार घेतले. आठवड्यातून पाच दिवस, अशा तीस बैठका. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना घरी आणले तेव्हा तोंड आतून सोललेले होते. ज्यांनी हे घरात पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. भाताची पेज गिळताना त्या माऊलीच्या डोळ्यांतून पाणी येई. पुढे पुढे त्या घोटभर पाणीही नको म्हणू लागल्या. दोन दिवसांत ओठांना भेगा पडल्या.

डॉक्टरांनी सांगितले होते : गरम नको, तिखट नको, आंबट तर मुळीच नको, गार चालेल, बर्फाचा चुरा चघळायला दिला तर उलट आग कमी होईल. पाणी मात्र उकळलेलेच हवे. नुसता पाण्याचा बर्फ त्यांनी दोनदा चघळला आणि तिसऱ्यांदा तोंड फिरवले. "अगो, गारांसारखा लागतो. चव काही नाही," म्हणाल्या. आमच्या कोकणात गार आणि चवीचे म्हटले की पहिले आठवते ते कोकम. पण कोकम आंबट, त्या जखमेवर म्हणजे मीठच चोळणे. लिंबू नको, आवळा नको. आले झोंबते. राहता राहिले परसातले गवत.

मी पाती उकळून, गाळून, थोडीशी साखर घालून ते पाणी निववले आणि बर्फाच्या साच्यात ओतले. सकाळी दोन वड्या फडक्यात गुंडाळून वरवंट्याने ठेचल्या, कारण बर्फाची धार जखमेला लागते, आणि चमच्याने भरवल्या. त्या काही बोलल्या नाहीत. वाटी संपल्यावर म्हणाल्या, "हे गवत गुरांना घालायचे, ते मला घातलेस. आणखी आहे का?"

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज तीन साचे भरू लागले. त्यातच मी थोडे थोडे बदल करीत गेले, आणि जे कळले ते आता सांगते.

एक लिटर पाण्याला लांब, ताज्या दहाबारा पाती पुरतात. पाती धुऊन, दोनदोनची गाठ मारून पातेल्यात टाकावी. कापून बारीक केली की तंतू सुटतात आणि गाळणीतून खाली येतात. पाण्याला उकळी आली की पाती घालून पाचसात मिनिटे मंद आचेवर ठेवावे आणि झाकण काढू नये. या गवताचा वास ज्या तेलाचा आहे ते वाफेबरोबर उडून जाते. घरभर छान वास सुटला म्हणजे तो पातेल्यातून गेला, असे समजावे. मग आच बंद करून झाकलेलेच दहा मिनिटे ठेवून फडक्याने गाळावे. ज्या पातीचा चहा तुम्ही पिता त्याहून हा काढा दुप्पट कडक हवा आणि जरा जास्तच गोड हवा. जीभ गार पडली की तिला वास आणि गोडी दोन्ही कमी कळतात. लिटरला पाऊण वाटी साखर माझ्या हाताला बरोबर बसते. निरोगी माणसांसाठी निवल्यावर एका लिंबाचा रस घालावा. गरम असताना घातला तर लिंबाचा ताजा वास जातो.

साखर गोडीपुरतीच असते असे मी समजत होते. तसे नाही. साखरेमुळे बर्फ दगडासारखा होत नाही, दातांना तुटण्याजोगा राहतो. मधुमेही भगिनींसाठी बिनसाखरेचा केला तर तो घट्टच होणार. त्यांनी कांडी करू नये; ताटलीत ओतून, अर्धवट गोठला की काट्याने खरवडावा, पुन्हा ठेवावा, पुन्हा खरवडावा. किसलेल्या खोबऱ्यासारखा मोकळा होतो. इटलीत लिंबाचा असा खरवडलेला बर्फ न्याहारीलासुद्धा खातात म्हणे. आपण पोह्यांवरच बऱ्या.

साच्यात काठोकाठ कधी ओतू नका. पाणी गोठताना दहाव्या हिश्शाच्या आसपास फुगते. मी काढा उरला म्हणून काचेची बाटली गच्च भरून वरच्या खणात ठेवली, ती रात्री तडकली. सकाळी सगळा खण काढून पुसावा लागला आणि त्या दिवशीचा काढा काचेच्या भीतीने ओतून द्यावा लागला. साचे विकतच आणले पाहिजेत असे नाही. स्टीलचे छोटे पेले चालतात. तास दीड तासाने वर साय धरल्यासारखे झाले की मध्ये लाकडी चमचा उभा करावा, म्हणजे तो कलंडत नाही. काढताना पेला क्षणभर नळाखाली धरावा. ओढाताण केली की चमचा हातात आणि बर्फ पेल्यात.

काडीवरचा बर्फ ही कल्पना एका अकरा वर्षांच्या मुलाची. अमेरिकेत १९०५ साली फ्रँक एपर्सन नावाच्या मुलाने गोड पाण्याचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्री घराबाहेर विसरून ठेवला, थंडीने तो सकाळी गोठला. पुढे मोठा झाल्यावर, १९२४ साली, त्याने त्याचे पेटंट मिळवले. आपली मुले रोज काहीतरी विसरतात, पण रत्नागिरीच्या हवेत त्याचे फक्त शेवाळे होते.

मध्येच एक माझी फजिती. सासूबाईंसाठी नव्हे, मुलांसाठी मी कोकमाच्या कांड्या करायच्या ठरवल्या. अमृत कोकम संपले होते, म्हणून आगळ घेतले. निम्मे आगळ, निम्मे पाणी. रात्रभर ठेवले, सकाळी पाहते तो चिखल. आणखी एक दिवस ठेवले, तरी चिखल. माझा पुतण्या शाळेत शास्त्र शिकवतो, तो हसायला लागला. म्हणाला, "काकी, आगळात मीठ किती असते? खारे पाणी लवकर गोठत नाही. समुद्र गोठतो का आपला?" तेव्हा कोकमाची कांडी हवी तर साखरेत मुरवलेल्या सालींचे अमृत कोकमच घ्या. आगळ सोलकढीसाठी राहू द्या. हे मीठ पुढे माझ्या कसे उपयोगी पडले, तेच सांगायचे आहे.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तो दिवस. आदल्या रात्रीपासून वारा सुटला होता. आमच्या आळीत माड पडला, तारा तुटल्या आणि वीज गेली ती गेलीच. संध्याकाळपर्यंत मी शीतपेटीचे दार उघडलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले तेव्हा साच्यांत नुसते पिवळट पाणी. सासूबाईंनी सकाळपासून काही घेतले नव्हते. कोमट काढा चमच्याने दिला तो त्यांनी थुंकला. टाळेबंदीचे दिवस, दुकाने बंद, रस्त्यावर झाडे. वीज केव्हा येईल कोणी सांगेना.

समोरच्या वहिनींचे मालक मच्छिमारी बोटीवर. वादळाची सूचना आल्यामुळे बोटी मिरकरवाड्याच्या बंदरात येऊन लागल्या होत्या, आणि बोटीच्या खणात बर्फ तसाच पडून होता. वहिनींनी खिडकीतून विचारले, "आजींचे कसे काय?" मी सांगितले. त्या काही न बोलता आत गेल्या, आणि तासाभराने त्यांचा मुलगा खतांच्या गोणत्यात बर्फाची अर्धी लादी घेऊन दारात उभा. भिजून चिंब झालेला.

मी बर्फाकडे पाहतच राहिले. मासळीचा बर्फ. तो कारखान्यात मासळीसाठीच करतात, त्याचे पाणी पिण्याचे नसते. खाण्याचा बर्फ आणि हा बर्फ ओळखता यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात अशा बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला, तो याचसाठी. आणि हे मुद्दाम सांगते, की गोठल्याने जंतू मरत नाहीत, ते निजून राहतात. विषमज्वर, कावीळ बर्फाच्या गोळ्यातूनही येते. तेव्हा तो बर्फ सासूबाईंच्या तोंडात घालणे शक्यच नव्हते. शिवाय माळकरी बाई.

तेव्हा माळ्यावरच्या आइस्क्रीमच्या पॉटची आठवण झाली. लाकडी बादली, मध्ये डबा, वर फिरवायची मूठ. आमच्या लग्नानंतरच्या काळात उन्हाळ्यात सगळी आळी तो मागून नेत असे. बादलीत बर्फ आणि खडेमीठ, डब्यात आटवलेले दूध, आणि पोरांनी पाळीपाळीने मूठ फिरवायची. बर्फाला डब्याच्या आत जायचे कारणच नाही! पुतण्याचे शास्त्र मला त्या क्षणी समजले. मिठाने बर्फ वितळू लागतो, वितळायला त्याला उष्णता लागते, ती तो डब्यातून ओढून घेतो. तीन वाटे बर्फाला एक वाटा मीठ घातले तर नुसत्या बर्फाहून ते मिश्रण कितीतरी गार होते, शून्याखाली पंधरावीस अंशांपर्यंत जाते. ज्या मिठाने माझे आगळ गोठू दिले नाही तेच मीठ बाहेरून घातले की आतले गोठवते.

ही युक्ती जुनी आहे. बर्फ नसे तेव्हा अकबराच्या मुदपाकखान्यात सोरा घालून पाणी गार करीत, असे ऐन-इ-अकबरीत आहे. कुल्फीच्या मडक्यात अजून बर्फमीठच असते. आणि बर्फाचे म्हणाल तर १८३३ साली अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुश्शात भरून, जहाजाने चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला आणला होता. पुढच्या वर्षी तो मुंबईलाही आला. मी आपली मिरकरवाड्याहून आलेल्या बर्फावर समाधान मानले.

विस्तवावर नवा काढा केला. तो निवेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता, कारण गोणत्यातून पाणी ठिबकत होते. मग लादी फोडली, मीठ टाकले, डबा पुसून झाकण घट्ट बसवले, झाकणावरून ओले फडके गुंडाळले, म्हणजे खारे पाणी आत जाऊ नये. वहिनींच्या मुलाने आणि मी आळीपाळीने मूठ फिरवली. पाचच मिनिटांत डब्यावर बाहेरून पांढरी भुकटी धरली. वीस पंचवीस मिनिटांनी मूठ जड झाली. उघडले तेव्हा आत भुरभुरीत बर्फ, साच्यातल्या वड्यांपेक्षाही मऊ, ठेचायची गरज नाही.

वाटी घेऊन गेले. सासूबाईंनी चमचा तोंडाजवळ येताच विचारले, "वीज आली?"

"नाही आई."

"मग बर्फ कुठला?"

खोटे बोलवेना. मी सांगितले, "समोरच्या वहिनींनी दिला. बोटीवरचा आहे. पण तो बादलीत बाहेर आहे, डब्यात शिरलेला नाही."

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, आता वाटी परत जाणार. मग म्हणाल्या, "वास मला केव्हाच आला होता, त्या पोराच्या कपड्यांना. दे. माळ गळ्यात आहे, गळा तर सोललेला आहे." आणि त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसताना दुखले म्हणून रडल्या.

वाटीभर खाल्ला. रात्री पुन्हा वाटीभर. वीज चौथ्या दिवशी आली, तोवर वहिनींचा मुलगा रोज गोणते आणीत होता. वहिनी कधी बर्फाचे पैसे घेत नव्हत्या, तेव्हा मी खडेमीठ मात्र त्यांच्याकडून घेतले नाही, असा आमचा मानापमानाचा हिशेब.

जूनच्या मध्यावर तोंडाच्या जखमा भरू लागल्या, आषाढीला त्यांनी साबुदाण्याची पेज घेतली. पुढे अडीच वर्षे होत्या. मिश्रीची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातली होती, आणि दारावर येणाऱ्या प्रत्येक बाईला तोंड उघडून दाखवीत. मला लाज वाटे. त्यांना वाटत नसे. तुमच्यापैकी ज्यांना त्यांनी दाखवले त्यांना आठवत असेल. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दाखवून या, एवढे त्यांच्या वतीने सांगते आणि कृतीकडे वळते, कारण अध्यक्षबाई घड्याळ पाहत आहेत.

पातीच्या चहाखेरीज दुसरेही पुष्कळ करता येते. जास्वंदीच्या लाल पाकळ्यांचा काढा गाळून त्यात लिंबू पिळले की रंग असा लालभडक खुलतो की मुलांना बाजारचा रंग आठवतही नाही. अनंतमुळाच्या मुळ्यांचा काढा आणि वाळ्याचे पाणी, दोन्ही गोठवल्यावर त्यांचा वास टिकतो. तुळस थोडीच घालावी, जास्त झाली की औषध होते. पुदिना उकळू नये, गरम पाण्यात बुडवून ठेवावा. ज्येष्ठमधाने साखर वाचते, पण ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी तो टाळावा, त्याने दाब वाढतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये. आणि कोणतेही पाळेमूळ असो, पोटुशी बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पातीच्या चहाची कुल्फी ही माझ्या धाकट्या जावेची युक्ती. लिटरभर म्हशीचे दूध निम्मे होईपर्यंत आटवायचे, साखर घालायची, आणि उतरवताना पातीची एक जुडी त्यात बुडवून झाकून ठेवायची. दूध आटवताना सुरुवातीपासून पाती घातली तर कडवट उतरते. वेलदोडा घालू नका, दोघांचे भांडण होते. कोकम आणि दूध कधीच एकत्र करू नका, ते सांगायला नको, पण माझ्या घरी एकीने केले होते म्हणून सांगते. नाव सांगत नाही, ती समोरच बसली आहे.

आता कांड्या आणते. पहिली अध्यक्षबाईंनी घ्यावी. हिरव्या काडीच्या बिनसाखरेच्या आहेत, लाल काडीच्या जास्वंदीच्या. ज्यांचे दात ठणकतात त्यांच्यासाठी खरवडलेला बर्फ वाट्यांतून वेगळा ठेवला आहे. ज्यांच्या परसात पातीचे बेट नाही त्यांनी मृग लागला की माझ्याकडे यावे, ठोंब काढून देईन. येताना जाड फडके आणा, पाती हात कापते.